आई-बाबांसाठी लंडन: मुलं ऑफिसला गेली की आपलं आपण फिरायचं कसं

माझे आई-बाबा पहिल्यांदा लंडनला आले तेव्हा पहिले तीन आठवडे सोमवार ते शुक्रवार घरातच बसून होते. आम्ही दोघं सकाळी आठला बाहेर पडायचो. आई खिडकीतून समोरच्या बसथांब्याकडे बघत बसायची, बाबा मोबाईलवर बातम्या वाचायचे आणि दोघं शनिवारची वाट बघायचे. ज्या माणसाने पस्तीस वर्षं डोंबिवली ते सीएसएमटी लोकलने ये-जा केली, त्याला इथल्या गाडीत एकट्याने बसायची भीती वाटावी, हे मला फार लागलं. चौथ्या आठवड्यात मी सुट्टी काढून त्यांना शिकवायला बसलो. पुढचे दोन महिने ते रोज बाहेर पडत होते.

मुलांकडे दोन-चार महिने राहायला येणाऱ्या सगळ्या आई-बाबांसाठी हे लिहितोय. त्यांच्या मुलांनीही वाचावं, कारण यातली काही कामं त्यांनीच करून द्यायची आहेत.

आधी पैशांचं: कार्ड कुठलं?

लंडनच्या बसमध्ये रोख पैसे चालत नाहीत, २०१४ पासून ते बंद आहेत. ट्यूबमध्ये, म्हणजे इथल्या भुयारी रेल्वेत, रोजचं कागदी तिकीट काढणं परवडत नाही. मग उरतात दोन मार्ग. एक, बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड. दुसरा, निळं ऑयस्टर कार्ड. त्यात आधी पैसे भरायचे आणि ते प्रवासागणिक कापले जातात. मोठ्या माणसाचं भाडं दोन्हींवर सारखंच लागतं.

भारतातून आणलेलं कार्ड वापरणार असाल, तर निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये जाऊन दोन गोष्टी चालू करा: परदेशातले व्यवहार आणि कॉन्टॅक्टलेस व्यवहार. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमांमुळे ही बटणं बऱ्याचदा मुळात बंद असतात. आमचं पहिल्या दिवशी तेच झालं. गेटवर लाल दिवा, मागे रांग, आणि आईला वाटलं आपल्याच हातून काहीतरी चुकलं. कार्डावर व्हिसा किंवा मास्टरकार्डची खूण हवी. रुपे कार्ड गेटवर चालत नाही. शिवाय बँक परकीय चलनाचा आकार लावते तो वेगळा.

माझं मत विचाराल तर आई-बाबांना ऑयस्टरच घेऊन द्या. ट्यूब स्टेशनवरच्या मशीनवर मिळतं, कोपऱ्यावरच्या अनेक छोट्या दुकानांतही मिळतं. कार्डाची किंमत परत मिळत नाही, पण हरवलं तर फार तर आत भरलेले पैसे जातात, बँकेचं खातं उघडं पडत नाही. मुलाने ते आपल्या खात्याला जोडलं की घरबसल्या पैसे भरता येतात आणि कुठला प्रवास किती पैशांचा झाला तेही दिसतं. एकच अडचण पश्चिमेकडे राहणाऱ्यांची आहे. एलिझाबेथ लाइनवर ऑयस्टर वेस्ट ड्रेटनपर्यंतच चालतं. मुलगा स्लाव किंवा रेडिंगला राहत असेल, तर कॉन्टॅक्टलेसला पर्याय नाही.

दोघांना दोन कार्डं लागतात, एका कार्डावर दोघं जाऊ शकत नाहीत. आत जाताना जे कार्ड टेकवलं तेच बाहेर येताना टेकवायचं. खात्यातून पैसे तेच जात असले, तरी फोन आणि प्लास्टिकचं कार्ड यंत्राच्या लेखी वेगळे असतात. बाबांनी एकदा जाताना कार्ड आणि येताना फोन टेकवला. दोन अर्धवट प्रवास नोंदले गेले आणि दोन्हींवर सर्वांत जास्त भाडं लागलं. अशी चूक झाली तर ऑनलाइन अर्ज करून पैसे परत मागता येतात, पण ती होऊ न देणं सोपं आहे.

आता टेकवायचं कसं ते. गेटच्या उजव्या हाताला पिवळा गोल असतो. पाकिटातून एकच कार्ड बाहेर काढा. अख्खं पाकीट टेकवलंत तर यंत्र भलतंच कार्ड वाचतं. कार्ड त्या गोलावर सपाट ठेवा, हलवू नका, एक सेकंद थांबा. झडपा उघडल्या की चालू लागा. घाईघाईने कार्ड घासून पुढे जाण्याची आपल्याला सवय असते, तिथेच गडबड होते. सामान असेल, हात थरथरत असेल किंवा सोबत लहान मूल असेल, तर कडेला एक रुंद गेट असतं, तिथून जा. त्याच्या झडपा जरा सावकाश मिटतात.

भाडं कसं लागतं

शहर मधोमध धरून बाहेर वर्तुळं काढल्यासारखे झोन आहेत. मध्यभाग झोन १, हीथ्रो विमानतळ झोन ६, ट्यूबच्या नकाशावर नवापर्यंत आकडे जातात. किती झोन ओलांडले आणि कुठल्या वेळेला, यावर भाडं ठरतं. सोमवार ते शुक्रवार सकाळी ६:३० ते ९:३० आणि दुपारी ४ ते ७ ही महाग वेळ. तुम्हाला ऑफिस गाठायचं नाही, तेव्हा साडेनऊनंतर निघा आणि एक तर चारच्या आत परतीची गाडी धरा, नाहीतर सरळ सात वाजू द्या. पैसेही वाचतात आणि बसायला जागाही मिळते.

दिवसभरात एका मर्यादेपुढे पैसे कापले जात नाहीत. हा दिवस पहाटे साडेचारला सुरू होतो आणि दुसऱ्या पहाटे साडेचारला संपतो. आठवड्यालाही अशीच मर्यादा असते, सोमवार ते रविवार. त्यामुळे पास काढावा का, हा हिशेब करत बसायचं कारण नाही. एकच कार्ड नेमाने वापरलं की हिशेब आपोआप होतो.

साठीच्या पुढच्यांना इथे मोफत प्रवासाचे पास मिळतात, हे मुलांच्या शेजाऱ्यांकडून कानावर येईल. ते पास लंडनच्या रहिवाशांसाठी आहेत, पाहुण्यांसाठी नाहीत. नातवंडं सोबत असतील तर मात्र फायदा आहे. अकरा वर्षांखालची मुलं मोठ्यांबरोबर ट्यूब आणि बस दोन्हींत फुकट जातात. भारतातून ११ ते १५ वयाचं मूल आलं असेल, तर त्याला ऑयस्टर घ्या आणि ट्यूब स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याला त्यावर ‘यंग व्हिजिटर’ सवलत लावायला सांगा. चौदा दिवसांपर्यंत निम्मं भाडं लागतं. ही सवलत बँकेच्या कार्डावर मिळत नाही.

पहिला आठवडा फक्त बस

सगळे जण आल्या आल्या ट्यूबमध्ये शिरतात. मी सांगेन, आधी बस. बसमध्ये बाहेर बघता येतं, चुकलं तर पुढच्या थांब्यावर उतरून रस्ता ओलांडायचा आणि उलटी बस धरायची. जिने नाहीत, भुयार नाही. आणि स्वस्त. २०२५ साली बसचं भाडं अंतर कितीही असो १.७५ पौंड होतं आणि दिवसभर नुसत्या बसने फिरलं तर ५.२५ पौंडांच्या वर एक पैसा लागत नव्हता. पहिल्या टॅपपासून एका तासाच्या आत दुसऱ्या, तिसऱ्या बसमध्ये चढलात तर त्यांचं भाडंच लागत नाही. म्हणजे भाजी आणायला जाऊन तासाभरात परतलात तर एकाच भाड्यात काम होतं.

पायरी पायरीने सांगतो. प्रत्येक थांब्याच्या खांबावर वर एक अक्षर असतं, ए, बी, के असं. एकाच चौकात सात-आठ थांबे असतात, त्यामुळे मुलाने ‘अमुक स्टेशनजवळची १८३ पकड’ एवढंच सांगितलं तर पुरत नाही, अक्षरही विचारून घ्या. बस येताना दिसली की हात करा, बेस्टच्या बसला करतो तसाच. चढायचं पुढच्या दाराने, कार्ड चालकाजवळच्या यंत्रावर टेकवायचं, ‘बीप’ आला की आत. उतरताना कार्ड टेकवायचं नाही. उतरायचा थांबा आला की लाल बटण दाबा, वर ‘स्टॉपिंग’ असं उजळतं. उतरायचं मधल्या दाराने. पुढचा थांबा कुठला ते पडद्यावर दिसतं आणि ऐकूही येतं. गुडघे दुखत असतील तर बस थांबल्यावरच जागेवरून उठा, चालक थांबतो.

वर जाता येत असेल तर वरच्या मजल्यावर अगदी पुढची जागा धरा. आईची सर्वांत आवडती सहल २४ नंबरच्या बसची. हॅम्पस्टेड हीथच्या दक्षिण टोकाला बसायचं, कॅमडेन टाउन, टॉटनहॅम कोर्ट रोड, ट्रफाल्गर स्क्वेअर, व्हाइटहॉल, वेस्टमिन्स्टर असं करत पिम्लिकोपर्यंत जायचं. पर्यटकांच्या उघड्या बसला जेवढे पैसे पडतात त्याच्या कितीतरी कमी पैशांत निम्मं लंडन डोळ्यांखालून जातं. आईने ती बस पाच वेळा केली.

ट्यूब: रेषेचा रंग नको, शेवटचं स्टेशन वाचा

ट्यूबचा नकाशा भूगोल दाखवत नाही. १९३३ साली हॅरी बेकने काढलेला नकाशा छापला गेला, तेव्हापासून सरळ आणि तिरप्या रेषांची ही पद्धत आहे. कुठे बदलायचं ते त्यावरून उत्तम कळतं, किती अंतर आहे ते अजिबात कळत नाही. लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन ही दोन स्टेशनं तीनशे मीटरच्या आत आहेत. तिथे ट्यूबने जाऊ नका, चाला.

बाहेरचे लोक रंग पाठ करतात आणि तिथेच फसतात, कारण एकाच रंगाच्या गाड्या वेगवेगळ्या ठिकाणी जातात. मुंबईकराला हे समजावणं मात्र सोपं आहे. मध्य रेल्वेवर आपण गाडी दिसली म्हणून चढत नाही. कर्जत की कसारा, स्लो की फास्ट, हे इंडिकेटरवर वाचतो. कल्याणला रूळ फुटतात हे डोक्यात पक्कं असतं. लंडनलाही तेच करायचं. फलाटावरच्या पाटीवर गाडीचा क्रम, तिचं शेवटचं स्टेशन आणि किती मिनिटं, एवढंच असतं. मधलं वाचा.

नॉर्दर्न लाइनचं कल्याण म्हणजे कॅमडेन टाउन. तिथून उत्तरेला एक फाटा एजवेअरला जातो, दुसरा हाय बार्नेटकडे. आपल्या लोकांना या दोन्ही फाट्यांवर जावंसं वाटतं. एजवेअरच्या फाट्यावर कॅमडेन टाउननंतरचं पहिलंच स्टेशन चॉक फार्म. तिथून काही मिनिटांवर १०, किंग हेन्रीज रोड हे घर आहे. लंडनमध्ये शिकताना १९२१-२२ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे राहत होते. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं आणि आता तिथे स्मारक आहे. हाय बार्नेटच्या फाट्यावर आर्चवे आणि हायगेट ही स्टेशनं लागतात. त्या भागात ६५, क्रॉमवेल ॲव्हेन्यू, म्हणजे श्यामजी कृष्णवर्मांचं इंडिया हाउस. सावरकर तिथे राहत होते, भिंतीवर तशी पाटी आहे. ते आज खासगी घर आहे, पाटी रस्त्यावरून बघायची, बेल वाजवायची नाही.

एक अख्खा प्रवास: हॅरो ते चॉक फार्म

आम्ही हॅरोला राहतो, म्हणून आमचा रस्ता सांगतो. तुम्ही तुमचा असाच कागदावर लिहून काढा.

हॅरो-ऑन-द-हिलला मेट्रोपॉलिटन लाइन, शहराकडे जाणारा फलाट. पाटीवर ‘आल्डगेट’ असेल तर बसा, ती किंग्ज क्रॉसला जाते. ‘बेकर स्ट्रीट’ असेल तर ती तिथेच संपते, मग उतरून पुढची धरावी लागते. वाटेत फिंचली रोडपर्यंत मधली बरीच स्टेशनं गाडी न थांबता मागे टाकते. घाबरू नका, ती बाजूच्या रुळावरच्या ज्युबिली लाइनची आहेत. आपली फास्ट असते तसंच. फिंचली रोडनंतर डब्यात जरा अंधारून येतं, आणि बेकर स्ट्रीटपासून पुढे जुना बोगदा लागतो. हा बोगदा जगातल्या पहिल्या भुयारी रेल्वेचा. १० जानेवारी १८६३ ला पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन ती सुरू झाली, वाफेच्या इंजिनावर. मी हे सांगितल्यावर बाबा म्हणाले, ‘‘आपली बोरीबंदर-ठाणे १८५३ ची. यांच्या भुयाराच्या दहा वर्षं आधीची.’’ त्या दिवसापासून ते प्रत्येक वेळी त्या बोगद्यात खिडकीला नाक लावून बसतात.

किंग्ज क्रॉसला उतरल्यावर ‘नॉर्दर्न लाइन’च्या काळ्या पाट्यांमागे चालत राहायचं. चालणं बरंच आहे, लोक भराभर पुढे जातात, जाऊ द्या. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं, डावी बाजू घाईवाल्यांची. खाली दोन फलाट: ‘नॉर्थबाउंड’ म्हणजे उत्तरेला, ‘साउथबाउंड’ म्हणजे दक्षिणेला. उत्तरेचा घ्या. भिंतीवर पुढच्या स्टेशनांची यादी असते, त्यात चॉक फार्म आहे का ते बोटाने शोधा. मग इंडिकेटर: ‘एजवेअर’ असेल तर चढा. ‘हाय बार्नेट’ आली तर सोडून द्या. चुकून चढलातच तर कॅमडेन टाउनला उतरा आणि एजवेअरची धरा. चॉक फार्मला लिफ्टने वर. स्मारक पाहून झालं की जवळच प्रिमरोज हिल आहे. टेकडीवर बाक आहेत, समोर सगळं लंडन दिसतं. आईने तिथे थालीपीठं काढली होती.

परत येताना एकच सावधगिरी. किंग्ज क्रॉसला मेट्रोपॉलिटनच्या फलाटावरच सर्कल आणि हॅमरस्मिथ अँड सिटी लाइनच्या गाड्याही येतात. डबे दिसायला अगदी सारखे. अक्सब्रिज, वॉटफर्ड, ॲमरशॅम, चेशॅम यांपैकी कुठलंही नाव असेल तर ती गाडी हॅरोला थांबतेच. ‘हॅमरस्मिथ’ दिसलं तर चढू नका.

हॅरोकरांसाठी आणखी एक सोपा प्रवास: महाराष्ट्र मंडळ लंडन. १९३२ साली सुरू झालेल्या या मंडळाची वास्तू डॉलिस हिलला आहे. मेट्रोपॉलिटनने वेम्ब्ली पार्कला उतरायचं, तिथून शहराकडे जाणारी ज्युबिली धरायची, दुसरं स्टेशन डॉलिस हिल. मेट्रोपॉलिटनमध्येच बसून राहिलात तर डॉलिस हिल डोळ्यांदेखत मागे जाईल.

गुडघे, उकाडा आणि बाकीची काळजी

ट्यूबची स्टेशनं २७२. त्यातल्या साधारण एक तृतीयांश स्टेशनांवरच रस्त्यापासून फलाटापर्यंत एकही पायरी लागत नाही. नकाशावर स्टेशनाच्या नावाजवळ चाकाच्या खुर्चीचं चिन्ह असतं. निळ्या गोलातलं असेल तर थेट डब्यापर्यंत सपाट, पांढऱ्यातलं असेल तर फलाटापर्यंत. ज्यांना जिने झेपत नाहीत त्यांनी या चिन्हांवरूनच रस्ता आखावा. टीएफएल गो या लंडनच्या वाहतुकीच्या ॲपमध्ये ‘पायऱ्या नकोत’ असा रस्ता शोधता येतो. कॉव्हेंट गार्डनला लिफ्टच्या गर्दीला कंटाळून गोल जिना धरू नका, १९३ पायऱ्या आहेत.

जुन्या खोल लाइनींत, विशेषतः सेंट्रल आणि बेकरलूवर, उन्हाळ्यात फार उकडतं, वातानुकूलन नाही. पाण्याची बाटली ठेवा. मेट्रोपॉलिटन, डिस्ट्रिक्ट, सर्कल आणि एलिझाबेथ लाइन थंडगार असतात. कोट भारतातल्यासारखा घरी ठेवून निघू नका, पण डब्यात शिरताना काढून हातात घ्या. स्वच्छतागृहं सगळ्या स्टेशनांवर नाहीत, घरून निघताना आणि संग्रहालयात पोचल्या पोचल्या जाऊन या.

फोनला सगळ्या बोगद्यांत रेंज मिळत नाही. रस्त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि खिशात एक चिठ्ठी असू द्या: घरचा पत्ता, पिनकोड, जवळचं स्टेशन, मुलाचा नंबर. ट्यूबच्या प्रत्येक स्टेशनवर पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत कर्मचारी असतात. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चिठ्ठी दाखवली की काम होतं. गाडीत कुणी त्रास देत असेल तर रेल्वे पोलिसांना ६१०१६ वर मेसेज करता येतो. तातडीच्या मदतीसाठी ९९९.

जोडीने जाणाऱ्यांनी एक नियम घरातूनच ठरवून निघावं. दार मिटलं आणि एक आत, एक बाहेर राहिला, तर आत असलेल्याने पुढच्याच स्टेशनवर उतरून फलाटावर तिथेच थांबायचं. बाहेर राहिलेल्याने त्याच दिशेची पुढची गाडी धरून तिथे उतरायचं. दोघांनीही परत फिरायचं नाही. आमच्याकडे हे एकदा झालं, युस्टनला. आई आत, बाबा फलाटावर. ठरलेलं होतं म्हणून चार मिनिटांत दोघं पुन्हा एकत्र होते. आईला त्याचा इतका आनंद झाला की संध्याकाळी तिने फोनवर तीन बहिणींना सांगितलं.

शनिवार-रविवारी दुरुस्तीसाठी लाइन किंवा तिचा तुकडा बंद असतो, आपल्याकडच्या मेगाब्लॉकसारखा. घरातून निघण्याआधी ॲपमध्ये बघा. ‘गुड सर्व्हिस’ असेल तर निर्धास्त निघा, ‘सिव्हिअर डिलेज’ किंवा ‘पार्ट क्लोजर’ असेल तर बसने जा. डीएलआर या विनाचालक गाड्यांच्या बऱ्याच स्टेशनांवर गेटच नसतात, नुसता खांब असतो. तिथे जाताना आणि येताना आठवणीने कार्ड टेकवा. तपासनीसाने टॅप न करता पकडलं तर दंड १०० पौंडांचा आहे.

परतीच्या दिवशी

मुलाला सुट्टी नसेल आणि सामान आवरण्याजोगं असेल, तर हीथ्रोलाही ट्यूबने जाता येतं. पिकॅडिली लाइन सर्वांत स्वस्त, पण शहरातून तासभर धरा. एलिझाबेथ लाइन महाग, पण पॅडिंग्टनहून अर्ध्या तासात पोचवते आणि सामान ठेवायला ऐसपैस आहे. मोठ्या बॅगा असतील तर मी एलिझाबेथच सुचवेन. पिकॅडिलीने गेलात तर पुन्हा तेच: शेवटचं स्टेशन वाचा. ॲक्टन टाउननंतर काही गाड्या अक्सब्रिजकडे वळतात. हीथ्रोच्या गाड्यांतही काही टर्मिनल ५ ला जातात, काही ४ ला. तुमचं विमान कुठल्या टर्मिनलवरून आहे ते तिकिटावर आदल्या रात्रीच बघून ठेवा.

ऑयस्टरमध्ये उरलेले पैसे बुडत नाहीत, त्यांना मुदत नाही. आईने तिचं कार्ड जाताना आमच्या देवघरातल्या डब्यात ठेवलं. मार्चमध्ये सासूबाई आल्या, तेव्हा त्यात अजून सहा पौंड चाळीस पेन्स होते.